साटेलोटे, रिंग की संगनमत?

प्रश्न असा आलाय : "आमच्या भागातल्या रस्त्याच्या कामाला चार ठेकेदारांनी आपसांत ठरवून निविदा भरल्या. तक्रार अर्ज मराठीत लिहायचाय. मी 'साटेलोटे' लिहिलं, वकिलांनी ते खोडून 'संगनमत' केलं, आणि मुलाने मोबाइलवरून 'बोली हेराफेरी' काढून दिलं. बरोबर काय?"

मुलाचं आधी बाजूला ठेवू. बोली लिलावात लागते. तिथे माणसं समोरासमोर असतात, मोठ्याने बोलतात, आणि आकडा चढत जातो. निविदेत कुणी बोलत नाही. आकडा पूर्वी लाखेच्या लिफाफ्यात असायचा, आता संकेतस्थळावर कुलूपबंद असतो, आणि रस्त्याच्या कामात तो चढत नाही, उतरतो. ठेकेदार म्हणतात ना, "बारा टक्के बिलो गेला", म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा तेवढ्या कमी दराने भरला. राहिली हेराफेरी, ती हिंदीच्या दारातून आत आलेली. अर्जात नकोच.

आता साटेलोटे. हा शब्द मुळात लग्नाचा. तुमची मुलगी आमच्या घरात, आमची तुमच्या घरात. देण्याघेण्याचा प्रश्न दोन्हीकडे परस्पर मिटतो. पण गोम अशी की एका घरात सुनेचं बिनसलं की दुसऱ्या घरातली लेकही माहेरी येऊन बसते. वर्तमानपत्रांनी मात्र हा शब्द 'ठेकेदार-अधिकाऱ्यांचे साटेलोटे' असा इतका वापरला की आता त्यात लग्न उरलं नाही, फक्त टेबलाखालचा हात उरला. मला हा वापर खटकतो. ठेकेदाराने पैसे दिले, साहेबाने सही दिली, याला मराठीत लाच हा चांगला दोन अक्षरी शब्द असताना लग्नाचा मांडव कशाला?

खरं साटेलोटे ठेकेदारा-ठेकेदारांतच होतं. "हा रस्ता तू घे, मी वर दर टाकतो. पुढचा बंधारा माझा, तेव्हा तू वर टाक." अगदी दोन घरांचा व्यवहार. आणि एकाने शब्द मोडून खाली दर टाकला की दुसरा पुढच्या कामात वचपा काढतो, लेक माहेरी येते. फरक इतकाच की इथे व्याही हुंडा वाचवतात आणि तो भरतो करदाता.

तेव्हा तुमच्या अर्जात पाळी लावून कामं वाटून घेतल्याचा आरोप असेल, तर साटेलोटे हा शब्द चपखल आहे. चौघांपैकी तिघे फक्त संख्या भरायला उभे असतील, तर नाही. त्याला ठेकेदारांच्या भाषेत 'सपोर्टिंग' किंवा 'डमी' म्हणतात, आणि सगळ्या प्रकाराला मिळून 'रिंग'. "टेंडर मॅनेज झालं" हे तर चहाच्या टपरीवरही ऐकू येतं. रिंग शब्द इंग्रजी असला तरी मराठीत तो स्त्रीलिंगी होऊन नांदतोय : रिंग झाली, रिंग फुटली. यातलं 'फुटली' पाहा. ते क्रियापद आपण कट, बेत, गुपित यांच्यासाठी राखून ठेवलेलं. बाहेरचा शब्द घरचा झाला की नाही, हे मी अशा क्रियापदावरून ओळखतो.

वकिलांचं संगनमत का योग्य, ते कायद्यात पाहायला हवं. सरकारी खरेदीसाठी देशभर लागू होणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. तसं विधेयक 2012 साली लोकसभेत आलं होतं, पण 2014 मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झालं. (व्यपगत! मेलं म्हणायला सरकारला इतका सभ्य शब्द सापडावा.) तामिळनाडूने 1998 मध्ये आणि कर्नाटकाने 1999 मध्ये आपापले कायदे केले. बाकी बराचसा कारभार वित्तीय नियम आणि शासन निर्णय यांवर चालतो. पण निविदेतली लबाडी दोन मोठ्या केंद्रीय कायद्यांत सापडते, आणि ते दोन्ही कायदे आडव्या नि उभ्या धाग्यांसारखे आहेत.

आडवा धागा स्पर्धा अधिनियम, 2002. त्याच्या कलम 3 मध्ये एकाच धंद्यातल्या लोकांनी आपसांत ठरवून निविदेतली स्पर्धा संपवली, कमी केली किंवा प्रक्रियाच वाकवली, तर तो करार बेकायदा ठरतो. इथे अधिकाऱ्याचा हात असायलाच हवा असं नाही. पैसे टेबलाखालून गेले नसले तरी चालतं. उभा धागा भ्रष्टाचार प्रतिबंध अधिनियम, 1988. तो ठेकेदार आणि लोकसेवक यांच्यातला. 2018 च्या दुरुस्तीनंतर त्याच्या कलम 8 मध्ये उदाहरणच दिलंय : इतर बोलीदारांना डावलून आपल्याला परवाना मिळावा म्हणून कुणी लोकसेवकाला दहा हजार रुपये देतो, तो दोषी. म्हणजे तुमच्या शब्दावरून अर्ज कुठल्या दारात जाणार हे ठरतं. 'साटेलोटे' लिहिलंत आणि वाचणाऱ्याच्या मनात वर्तमानपत्री अर्थ आला, तर तो अधिकाऱ्याचं नाव शोधत बसेल. 'निविदाकारांचे आपसांतील संगनमत' लिहिलंत तर रस्ता सरळ स्पर्धा अधिनियम राबवणाऱ्या स्पर्धा आयोगाकडे जातो.

हे पुस्तकी नाही. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांबाबत नागरिक चेतना मंच या संस्थेने तक्रार केली होती, आणि 2018 मध्ये स्पर्धा आयोगाने निविदाकारांना संगनमताबद्दल दंड ठोठावला. त्यात पाठिंब्यापुरत्या भरलेल्या निविदा होत्या, म्हणजे आपलं सपोर्टिंगच. काहींनी स्वतःहून माहिती दिली म्हणून त्यांच्या दंडात सूटही मिळाली. कायद्यात ही सोय कलम 46 ची. आपल्या भाषेत याच्या जवळचा शब्द 'माफीचा साक्षीदार', रिंगवाल्यांच्या भाषेत 'फितूर'. एकाच माणसाला दोन नावं, कोण बोलतंय त्यावर.

जाता जाता कायद्याच्या आधीच्या नावाचं. स्पर्धा अधिनियमाने 1969 चा जो कायदा बाजूला सारला, त्याला आपण मक्तेदारीविरोधी कायदा म्हणत आलो. मक्ता म्हणजे ठरीव रकमेवर घेतलेलं कंत्राट, मूळ अरबी. मक्ता घेणारा मक्तेदार, आणि त्याचं काम ती मक्तेदारी. आज हा शब्द उच्चारला की कंत्राट आठवतच नाही, एकट्याची सद्दी आठवते. शब्दाने आपला इतिहासच सांगून टाकला : कंत्राट घेतलं, टिकवलं, इतरांना येऊ दिलं नाही. मराठवाड्यात त्याच माणसाला गुत्तेदार म्हणतात, तो शेजारच्या तेलुगूतून आलेला. लिलाव पोर्तुगीज. कंत्राटही बहुतेक कोशांत पोर्तुगीजच. सरकारी कामाची एवढी नावं बाहेरून आली, आणि 'निविदा' तेवढी संस्कृतातून घडवलेली. नि आणि विद्, निवेदन करणे. नैवेद्याचं मूळही तेच. यावरचा विनोद तुम्ही स्वतःच करा.

मी अनेक वर्षं जाहीर निविदा सूचनांची मुद्रितं तपासली. एकदा 'इसारा रक्कम' (निविदेसोबत भरायची अनामत) च्या जागी 'इशारा रक्कम' छापून गेलं. दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्रक द्यावं लागलं. मला मात्र आजही वाटतं की चूक फार वाईट नव्हती. शेवटचं वाक्य तर डोळे मिटून म्हणता येतं : 'कोणतेही कारण न देता कोणतीही अथवा सर्व निविदा नाकारण्याचा अधिकार राखून ठेवण्यात येत आहे.' हा अधिकार वापरायचाच नाही असं ठरवलेलं कार्यालयही ते वाक्य छापतंच.

तर तुमच्या अर्जासाठी : "सदर कामासाठी प्राप्त चार निविदा या निविदाकारांनी आपसांत संगनमत करून भरल्या असून, पैकी तीन केवळ देखाव्यापुरत्या असल्याचा संशय आहे." आणि त्याखाली चारही इसारा रकमांचा तपशील द्या : तारीख, बँक, खातं. दर मागेपुढे करता येतात, पण एकाच खात्यातून चौघांच्या रकमा गेल्या असतील तर ते लपवणं अवघड. साटेलोटे, रिंग, मॅनेज हे शब्द तोंडी सांगताना हवे तेवढे वापरा.