ली-कुशिंगचा ‘ड्रॅक्युला’ (१९५८): कुठली डिस्क घ्यावी?

तुम्ही एका प्रश्नात तीन प्रश्न विचारले आहेत. घरी असलेली २००२ची अमेरिकन डीव्हीडी पुरेशी आहे का, जपानमध्ये सापडलेल्या ‘अनकट’ प्रतीचं नक्की प्रकरण काय, आणि नाशिकच्या घरातल्या ब्लू-रे प्लेअरवर यातलं चालेल काय. शिवाय तुमचा भाऊ अमेरिकेतल्या एडिसनहून दिवाळीला येतोय आणि त्याच्या बॅगेत एकाच डिस्कला जागा आहे. तर उत्तर आधीच देऊन टाकतो: भावाला वॉर्नर आर्काइव्हची २०१८ची ब्लू-रे आणायला सांगा. लायन्सगेटचा २०१३चा ब्रिटिश संच हा संग्राहकाचा माल आहे. तोही घ्यावा, पण नंतर, आणि आधी प्लेअरची सोय करून.

हे उत्तर बऱ्याच जणांना पटणार नाही, कारण ब्रिटिश संचात सिनेमा ‘जास्त’ आहे. जास्त आहे हे खरंच. पण या सिनेमाच्या बाबतीत किती सेकंद वाढले यापेक्षा चौकट कुठे कापली आणि रंग कसा लावला हे मला कितीतरी महत्त्वाचं वाटतं.

हॅमर या ब्रिटिश कंपनीने हा सिनेमा १९५७च्या अखेरीस थेम्सकाठच्या ब्रे स्टुडिओत चित्रित करायला घेतला. दिग्दर्शक टेरेन्स फिशर, पटकथा जिमी सँगस्टरची, छायाचित्रण जॅक अ‍ॅशरचं, सेट बर्नार्ड रॉबिन्सनचे. पैसा बेताचा, जागा बेताची. अमेरिकेत युनिव्हर्सलचा १९३१चा ड्रॅक्युला कृष्णधवल होता. इथे पहिल्याच मिनिटांत शवपेटीवरच्या नावाच्या पाटीवर लालभडक रक्ताचे थेंब टपटप पडतात. त्या काळच्या प्रेक्षकाला तो लाल रंग हाच धक्का होता. अ‍ॅशर दिव्यांवर रंगीत कागद लावून कोपऱ्याकोपऱ्यात जांभळी, हिरवी, तांबडी झाक सोडायचा. ती झाक डिस्कवर दिसत नसेल तर अर्धा सिनेमा गेला. (आपल्याकडचे रामसेपट बघून वाढलेल्यांना हे दिवे ओळखीचे वाटतील.)

दुसरी गोष्ट ड्रॅक्युला झालेल्या ख्रिस्तोफर लीची. सुरुवातीला किल्ल्यावर आलेल्या जोनाथन हार्करशी तो जे काही बोलतो तेवढंच. त्यानंतर शेवटपर्यंत एकही वाक्य नाही. पुढचं सगळं काम उंची, चाल, डोळे आणि चेहरा यांच्यावर. सव्वासहा फुटांहून उंच माणूस जिन्याच्या वरच्या टोकाला काळ्या आकृतीसारखा उभा राहतो. तो प्रसंग वरून कापला किंवा काळोखात बुडवला तर उरतं काय?

आता तुमच्याकडची डीव्हीडी. वॉर्नरने ती २००२मध्ये काढली, नाव ‘हॉरर ऑफ ड्रॅक्युला’. १९३१चा ड्रॅक्युला अमेरिकेत तेव्हाही फिरत होता, गोंधळ नको म्हणून तिथे हे नाव दिलं गेलं आणि तेच चिकटलं. त्या काळाच्या मानाने डिस्क वाईट नव्हती. केबलवरची किंवा व्हीएचएसवरची चौकोनी, फिकट प्रत बघितलेल्यांना ती चैनच वाटली. पण चौकट रुंद टीव्ही पूर्ण भरेल अशी बसवली आहे, म्हणजे साधारण १.७८:१ (रुंदी उंचीच्या १.७८ पट). ब्रिटनमध्ये हॅमरचे सिनेमे १.६६:१मध्ये दाखवायचे हे धरूनच कॅमेरा लावलेला असे. हिशेब केला तर उंचीतला जवळजवळ पंधरावा भाग गेला. कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो, पण जिन्यावरच्या लीच्या डोक्यावर अजिबात हवा राहत नाही आणि रॉबिन्सनने एवढ्याशा जागेत उभ्या केलेल्या कमानी माथ्याशी तुटतात. रंगही मरगळलेले आहेत, लाल रंग विटकरीकडे झुकतो. मोठ्या टीव्हीवर ती आता बघवणार नाही. ठेवायची तर ‘हॉरर ऑफ ड्रॅक्युला’ असं लिहिलेल्या अमेरिकन शीर्षकपाटीसाठी ठेवा.

२००७मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने, म्हणजे बीएफआयने, सिनेमाच्या जीर्णोद्धाराचं काम केलं. पडद्यावर पुन्हा नुसतं ‘ड्रॅक्युला’ आलं, चौकट १.६६:१ झाली, आणि त्या वर्षी तो ब्रिटनमधल्या चित्रपटगृहांत परत लागला. आज ब्लू-रेवर जे काही चांगलं दिसतं त्याचा पाया हाच आहे.

मग जपान. सिनेमा झाला तेव्हा ब्रिटिश सेन्सॉरने तीन ठिकाणी हरकत घेतली होती: ड्रॅक्युलाची बळी ठरलेल्या लूसीच्या छातीत खुंटी ठोकण्याचा प्रसंग, मीनाच्या शयनगृहातला ड्रॅक्युला, आणि शेवटी उन्हात त्याची होणारी राख. अतिपूर्वेच्या बाजारासाठी हॅमरने जरा जहाल प्रत पाठवली होती अशी कुजबुज चाहत्यांमध्ये कित्येक दशकं चालू होती. कुणी ती बघितल्याचं सांगायचं, कुणी छातीठोकपणे खोटं म्हणायचं. २०११मध्ये टोकियोच्या नॅशनल फिल्म सेंटरमध्ये ती खरोखर निघाली. तिथे १९८४मध्ये आग लागली होती, त्यात पहिली पाच रिळं गेली. सहा ते नऊ एवढी चार वाचली. नशीब असं की मीनाचा प्रसंग आणि शेवट, दोन्ही या चार रिळांतच येतात.

हॅमरने ती रिळं स्कॅन केली आणि त्यातले सेन्सॉरने कापलेले तुकडे बीएफआयच्या प्रतीत बसवून २०१२ची आवृत्ती तयार केली. सगळी भर एकत्र केली तरी एक मिनिटसुद्धा होत नाही. ‘अनकट’ या शब्दावर भुलून वेगळा सिनेमा बघायला मिळेल अशी आशा ठेवू नका.

तरी त्या सेकंदांचं मोल आहे, आणि दोन्ही ठिकाणी ते वेगवेगळं आहे. मीनाच्या प्रसंगात नेहमीच्या प्रतींत ड्रॅक्युला खाली वाकतो न वाकतो तोच दृश्य तुटतं. जपानी रिळात तो आधी तिच्या चेहऱ्यावरून, ओठांजवळून आपला चेहरा फिरवतो आणि मग मानेकडे जातो. एवढंच. पण त्यामुळे हल्ल्याचा प्रसंग प्रणयाचा होतो. मीना झालेल्या मेलिसा स्ट्रिबलिंगचा दुसऱ्या दिवशी सकाळचा तो तृप्त, किंचित लपवाछपवीचा चेहरा आठवा. तो चेहरा या तुकड्यानंतर बघितला की नीट लागू पडतो. मला विचाराल तर संपूर्ण सापडलेल्या फुटेजमध्ये ही खरी कमाई.

शेवटाचं तसं नाही. ड्रॅक्युलाच्या मागावर असलेला व्हॅन हेल्सिंग, म्हणजे पीटर कुशिंग, टेबलावरून धावत जाऊन पडद्यावर झेप घेतो, ऊन आत येतं, मग दोन मेणबत्त्यांच्या उभ्या दांड्या एकमेकींवर धरून तो क्रूस करतो (ही कल्पना कुशिंगचीच). पाय, हात, मग चेहरा, अशी राख होत जाते. जपानी तुकड्यात ली बोटांनी स्वतःच्या चेहऱ्यावरची कातडी ओरबाडून काढतो. रंगभूषाकार फिल लीकीचं काम एकदाचं दिसलं याचा आनंद आहेच. पण त्या रिळाची अवस्था वाईट होती. कितीही स्वच्छ केलं तरी शेजारच्या दृश्यांपुढे तो तुकडा वेगळा कळतो, जुन्या पैठणीला नवा काठ जोडल्यासारखा. इतकी वर्षं ज्याची चर्चा ऐकली ते बघायला मिळालं, मन भरलं. लय मात्र मूळ प्रतीतच जास्त घट्ट होती असं माझं मत आहे.

ही २०१२ची आवृत्ती लायन्सगेटने मार्च २०१३मध्ये ब्रिटनमध्ये ब्लू-रेवर आणली. संच म्हणून त्याला तोड नाही. २००७ची आणि २०१२ची, दोन्ही आवृत्त्या आहेत. चारही जपानी रिळं जशी सापडली तशी, ओरखड्यांसकट, वेगळी बघता येतात. माझ्या मते संच विकत घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. मार्कस हर्न आणि जोनाथन रिग्बी यांचं समालोचन आहे, आणि दोघंही हॅमरचा इतिहास कोळून प्यायलेले, त्यामुळे एकही मिनिट फुकट जात नाही. सांस्कृतिक इतिहासकार ख्रिस्तोफर फ्रेलिंग बोलतात तो भाग ऐकाच. सेन्सॉरबद्दलचा माहितीपट वर सांगितलेल्या तीन हरकतींसाठी उपयोगी. बाकीच्या गोष्टी एकदा बघून सोडून द्याव्यात अशा.

अडचण चित्राची. या डिस्कवर सगळीकडे निळसर, थंड झाक आहे आणि एकूण चित्र अंधारलेलं आहे. ती आली तेव्हापासून यावर भांडणं चालू आहेत. बाजूने बोलणारे म्हणतात की रात्रीचे प्रसंग दिवसा चित्रित केलेले असल्यामुळे ते निळे आणि गडदच असायला हवेत. रात्रीपुरतं ठीक आहे. पण हार्कर किल्ल्यावर येतो ते दिवसाउजेडी, तिथेही थंडगार वातावरण कशाला? ग्रंथालयात ड्रॅक्युला एकदम दार उघडून आत येतो, तोंड रक्ताळलेलं, डोळे लाल, तो सिनेमातला सगळ्यात गाजलेला क्लोज-अप. तिथे डोळ्यांतला लाल रंग अंगावर यायला हवा. लायन्सगेटवर तो दिसतो, पण अंगावर येत नाही.

मग खरे रंग कोणते? यावर छातीठोकपणे बोलणाऱ्यांपासून जरा जपून राहा. चित्रण ईस्टमनकलरवर झालं होतं आणि त्या काळच्या ईस्टमन प्रिंटमधला निळा-हिरवा रंग आधी उडतो, मागे गुलाबी प्रत उरते. म्हणजे ‘मी लहानपणी थिएटरमध्ये बघितलं तेव्हा असंच होतं’ या साक्षीला फार किंमत नाही. शेवटी अ‍ॅशरची इतर कामं आणि माणसाच्या कातडीचा रंग यांवरूनच अंदाज बांधावा लागतो.

कातडीच्या रंगावर वॉर्नर आर्काइव्हची डिसेंबर २०१८ची ब्लू-रे जिंकते. खोक्यावर ‘हॉरर ऑफ ड्रॅक्युला’, पण डिस्क लावली की पडद्यावर ‘ड्रॅक्युला’ येतं, कारण मुळाशी बीएफआयचंच काम आहे. चौकट १.६६:१. लायन्सगेटपेक्षा उजळ, निळी झाक बरीच कमी, काळोखातले तपशील वाचता येतात. मीनाचा नवरा आर्थर (मायकल गॉफ) याच्या घरातल्या खोल्या उबदार दिसतात, त्यामुळे त्या घरात ड्रॅक्युला शिरला की फरक जाणवतो. मूळ मोनो ध्वनीही भरदार आहे. संगीतकार जेम्स बर्नार्डचं ते तीन स्वरांत ‘ड्रॅ-क्यु-ला’ असा पुकारा करणारं शीर्षकसंगीत जरा आवाज वाढवून ऐका. जपानी तुकडे यात नाहीत. जादा साहित्य म्हणाल तर फक्त ट्रेलर. एवढ्या महत्त्वाच्या सिनेमाला ही कंजुषी शोभत नाही, पण सिनेमा बघायला ही डिस्क सगळ्यात चांगली.

आता तुमच्या प्लेअरचं. कुठली डिस्क कुठे चालावी यासाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत. ब्लू-रेच्या विभागणीत भारत ‘सी’मध्ये येतो, ब्रिटन ‘बी’मध्ये, अमेरिका ‘ए’मध्ये. लायन्सगेटची डिस्क ‘बी’ला कुलूपबंद आहे, त्यामुळे भारतात घेतलेल्या साध्या प्लेअरवर ती चालणार नाही आणि तुमच्या भावाच्या एडिसनच्या प्लेअरवरही नाही. वॉर्नर आर्काइव्हच्या डिस्कना सहसा असं कुलूप नसतं, ती कुठेही चालते. त्या एका जागेसाठी तिची शिफारस करण्याचं हेही कारण. तुमची २००२ची डीव्हीडी विभाग १ची आहे आणि आपल्याकडे डीव्हीडीसाठी विभाग ५. ती तुमच्याकडे चालते आहे म्हणजे निदान डीव्हीडीपुरता तुमचा प्लेअर मोकळा केलेला दिसतो. त्यावरून ब्लू-रेही मोकळी असेल असं धरू नका, दोन्हींची कुलपं वेगळी असतात.

ब्रिटिश संचातल्या डीव्हीडीवर भागवावं असा विचार मनात आला असेल तर एक सांगतो. त्या ‘पाल’ (PAL) या टीव्ही पद्धतीच्या आहेत. सेकंदाला चोवीस चौकटींचा सिनेमा पंचवीसने पळतो, ८२ मिनिटांचा सुमारे ७९ मिनिटांत आटपतो. सगळ्यांना ते जाणवत नाही. गाण्याचा कान असेल तर बर्नार्डची पट्टी चढल्यासारखी वाटेल.

आणि टीव्हीवर १.६६:१ लावल्यावर डाव्या-उजव्या कडेला बारीक काळ्या पट्ट्या दिसतील. घरचे म्हणतील चित्र पूर्ण भरून लाव. लावू नका, रिमोटवरचं झूम दाबलं की २००२च्या डीव्हीडीवर झालं तेच तुम्ही हाताने करता. टीव्हीचा ‘व्हिव्हिड’ मोडही बंद ठेवा, नाहीतर वर रंगांबद्दल जे लिहिलं ते सगळं फुकट.

तुमच्या प्लेअरची कंपनी आणि मॉडेल इथे लिहा. काही मॉडेल्सचा ब्लू-रे विभाग रिमोटवरूनच बदलता येतो, तुमचा त्यातला निघाला तर ब्रिटिश संचासाठी दुसरा प्लेअर घ्यायची गरज नाही.