'आपल्याकडं कुठं आलाय समुद्र?'

प्रश्न : ताई, मी गंगाखेडची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे; विषय प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र. पुढं सागरी विज्ञान घ्यायचंय. समुद्र मात्र अजून एकदाही पाहिलेला नाही. वडील म्हणतात, 'आपल्याकडं कुठं आलाय समुद्र? शिकून करणार काय?' घर माळकरी. मासा चिरायचा म्हटलं तर आई बोलणं टाकील. पोहताही येत नाही. माझं काही चुकतंय का?
— एक वाचक, गंगाखेड

उत्तर : मी माजलगावची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो एकविसाव्या वर्षी, गोव्याला प्रवेशासाठी गेले तेव्हा. सोबत मामा होता. बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "एवढं पाणी, आन् एक घोट पिता येईना!" लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं ते 2016 साल अजून यायचं होतं, पण टँकरमागं घागरी घेऊन आम्ही लहानपणापासून पळालो होतो. मामाची हळहळ खरी होती.

वडिलांना सांग, समुद्राचा संबंध आपल्या रानाशीच आहे. अरबी समुद्राकडून येणारे ढग कोकणात आणि घाटावर रिते होतात, आपण पडलो पर्जन्यछायेत. ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्याकडं जी झड लागते, ती बहुतेकदा बंगालच्या उपसागरात तयार झालेलं कमी दाबाचं क्षेत्र पश्चिमेकडं सरकत आलं म्हणून. त्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी आणि आपली गोदावरी गोडं पाणी ओततात. गोडं पाणी हलकं. ते खाऱ्या पाण्यावर सायीसारखं पसरतं, खालचं गार पाणी वर मिसळू देत नाही, म्हणून वरचा थर तापलेला राहतो. ढगांना वाफ तिथून मिळते.

तुझ्या घाटाखालून जाणाऱ्या गंगेचं, म्हणजे गोदावरीचं, धरणं-बंधारे भरून जे उरेल ते पाणी राजमहेंद्रीच्या पुढं समुद्राला मिळतं. गाळ मात्र नाथसागरापासून पोचमपाडपर्यंत धरणांच्या पोटात बसतो. तिकडं खाली त्रिभुज प्रदेशाला, काकीनाड्याजवळच्या कोरिंगाच्या कांदळवनाला तो पूर्वीइतका पोचत नाही, आणि किनारा खचायला लागतो. किनाऱ्यावर वाढलेली माझी वर्गमित्र मंडळी खाडीपासून विचार सुरू करायची. मला आधी धरण आठवायचं. त्याचा फायदाच झाला.

आता मासा. सागरी विज्ञान म्हणजे नुसते मासे नव्हेत. लाटा, प्रवाह, तापमान हे भौतिक अंग. त्याला गणित आणि पदार्थविज्ञान लागतं, ते तुझ्याकडं नाही. समुद्रतळाचा गाळ-खडक वाचणारं भूवैज्ञानिक अंग आहे. जैविक अंगात चिरफाड थोडीफार येते. चौथं रसायनाचं : क्षारता, विरघळलेला ऑक्सिजन, नायट्रेट, फॉस्फेट. माझी आजीही माळकरी होती, मी ह्या चौथ्या वाटेनं गेले. तुझ्या विषयांनाही ती जुळते. आईला आत्ताच सगळं सांगायची गरज नाही.

शिकायला कुठं? गोवा विद्यापीठ, जवळच दोनापावलाला 1966 साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. कोचीनचं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ. आणि तमिळनाडूत परंगीपेट्टैला, वेल्लार नदीच्या मुखाशी, अण्णामलै विद्यापीठाचं केंद्र. माझं मत विचारशील तर गोवा : भाषा जवळची आणि शनिवारी-रविवारी पाय भिजवायला खाडी हाताशी. प्रवेशाच्या अटी मात्र त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात स्वतः वाच, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस.

पोहणं शीक. उन्हाळ्यात परभणीला आत्याकडं राहा, मामाच्या विहिरीत शीक, कसंही. मला येत नव्हतं आणि त्याचा बहाणा करून एका ठिकाणी मला बोटीवर नेलंच नाही. न पोहणारे दोन मुलगे मात्र गेले. पुढच्या खेपेला मी पोहायला शिकूनच हजर झाले. बोटीवर चढल्यावर चार तास उलट्या केल्या ही गोष्ट वेगळी. चिखलाला मात्र आपण हार जात नाही. रिबंदरहून फेरीनं चोडण बेटावर कांदळवनात गेलो, तिथं गुडघाभर चिखल. पावसाळ्यात काळ्या रानातून शाळेत गेलेल्या पोरीला त्याचं काय! वास तेवढा सडक्या अंड्याचा. त्या चिखलात हवा शिरत नाही, तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात, त्यातून तो वायू सुटतो. म्हणून तर तिवराची मुळं श्वास घ्यायला जमिनीतून वर डोकावतात.

सुरुवात करायला गोव्याची वाट बघू नकोस. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या बुचाच्या बीओडी बाटल्या असतील, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धत तुमच्या सरांना येत असेल. गंगेत जिथं जलपर्णी दाटलीय तिथलं आणि मोकळ्या धारेतलं पाणी घे. एकदा पहाटे, एकदा दुपारी. बाटलीत बुडबुडा राहता कामा नये आणि मँगनीज सल्फेट व अल्कली आयोडाइड काठावरच घालायचं, खोलीवर आणून नाही. पहाटेचा आकडा दुपारपेक्षा खाली आला तर का आला ते लिही : रात्री प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वसन चालूच राहतं. महिन्यातून दोनदा, वर्षभर. खाडीवर जाऊन मी पुढं हेच केलं. फक्त जोडीला भरती-ओहोटी आली.

'करणार काय' ह्याचं खरं उत्तर मऊ नाही. प्रकल्पावरच्या जागा बहुतेक कंत्राटी, प्रकल्प संपला की संपल्या. नेट पास होऊन कनिष्ठ संशोधनवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात. बाकी वाटा म्हणजे किनारी बांधकामांचे पर्यावरण अहवाल करणाऱ्या कंपन्या, राज्याचा कांदळवन कक्ष, अध्यापन. आणि वडिलांना हैदराबादची इन्कॉइस दाखव. मच्छीमारांना मासे कुठं मिळतील ते आणि त्सुनामीचा इशारा ही संस्था देते. समुद्र तिच्याही गावाला नाही.

समुद्र बघायला जाशील तेव्हा घरचं पंचांग बघून जा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, कोकणात भरती दुपारी बाराच्या आगेमागे, ओहोटी सकाळी सहाच्या सुमाराला. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, पाणी फारसं हटत नाही. एकादशीला वडिलांना सुट्टी सोयीची असली तरी त्या दिवशी नको. खडक उघडे पडायला हवेत.

प्रश्न : उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात गेलं तर समुद्राचं शिकता येतं का?
— बारावीचा विद्यार्थी, अहमदपूर

उत्तर : थोडं. बी.एफ.एस्सी. ही चार वर्षांची व्यावसायिक पदवी आहे : मत्स्यबीज, तळी, रोग, प्रक्रिया. नोकरीसाठी ती सागरी विज्ञानापेक्षा भक्कम, आणि पुढं एम.एफ.एस्सी.ला मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेची वाट आहे. लाटा-प्रवाह हवे असतील तर मात्र गणित सोडू नकोस आणि साधी बी.एस्सी. कर.