सत्कार करायचाय ना, मग नीट कर

प्रिय बाय,

तुझा मेसेज वाचला. वाड्यावरच्या, म्हणजे आपल्या वस्तीतल्या, मुलांचा गुणगौरव करायचा म्हणतेस, प्रमुख पाहुणे म्हणून मंत्र्यांच्या ऑफिसात पत्रही देऊन आलीस, आणि मला विचारतेस शाली किती घेऊ. शालींचं नंतर बघू गं. आधी हे सांग की स्टेजवरून प्रत्येक मुलाबद्दल काय बोलणार आणि ते बोलणाऱ्याला कोण लिहून देणार आहे.

घोळ तिथंच होतो. आपल्या गोव्यात सांग्याकडच्या एका कार्यक्रमात निवेदकबुवा एकदम जोशात आले आणि एका पोराबद्दल "झोपडीत राहून, चिमणीच्या मिणमिणत्या उजेडात अभ्यास करून" वगैरे सुरू केलं, तर मागच्या रांगेतून त्याचा बाप उभा राहून ओरडला, "आमगेर लायट आसा मरे!" (आमच्या घरी लाइट आहे रे!) हॉल हसला, पोरगं मान खाली घालून शाल घेऊन खाली उतरलं. त्या पोरानं गणितात अख्ख्या शाळेत पहिला नंबर काढला होता, ते शेवटपर्यंत कोणाच्या तोंडून आलं नाही.

तर "हलाखीची परिस्थिती", "गरिबीवर मात", "चिखलातलं कमळ" हे सगळं तुझ्या स्क्रिप्टमधून आत्ताच काढून टाक. गरिबी ही काय त्या मुलाची कामगिरी नव्हे. क्लास टीचरला फोन कर आणि प्रत्येकाबद्दल दोन ओळी घे, कुठला विषय, काय जड गेलं, ते कसं जमवलं. सांगण्यासारखं भरपूर असतं बघ. झुआरीनगर किंवा मोतीडोंगरासारख्या स्थलांतरितांच्या वस्तीतली एखादी मुलगी घरी कन्नड नाहीतर लमाणी बोलते, गल्लीत कोकणी, चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पाचवीत गेल्यावर अचानक सगळी पुस्तकं इंग्लिशमध्ये, घरात इंग्लिश वाचून दाखवणारं कोणी नाही, आणि ती सायन्समध्ये फर्स्ट क्लास आणते. हे स्टेजवरून सांग की! तिची आई कोणाकडे भांडी घासते हे सांगायची काहीच गरज नाही. तिला स्वतःला आईबद्दल अभिमानानं बोलायचं असेल तर माइक तिच्या हातात दे, ती बोलेल ते वेगळं आणि आपण बोलू ते वेगळं.

आपल्या केसरबाई केरकरांचं बघ ना. फोंड्याकडच्या केरीच्या, ज्या कलावंत समाजाला लोक नावं ठेवायचे त्या समाजातल्या, आणि १९७७ साली व्हॉयजर यानासोबत त्यांची भैरवी अंतराळात गेली. त्यांची ओळख करून देताना कोणी "बिचारी" म्हणतं का? आवाज कसा होता, तान कशी घ्यायच्या, हेच सांगतात. भाऊसाहेब बांदोडकर त्याच समाजातले, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, गावागावात मराठी शाळा त्यांच्याच काळात उघडल्या. मोठ्या माणसांच्या बाबतीत आपल्याला हे बरोबर जमतं, दहावीतल्या पोराच्या बाबतीतच घसरतो.

दुसरं म्हणजे तुझ्या पत्रिकेत सगळ्यांना मिळून "आदिवासी विद्यार्थी" लिहिलंयस ते बदल. गावडा, कुणबी, वेळीप यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. धनगर-गवळी ओबीसीत आहेत, अनुसूचित जमातीत घ्या ही त्यांची मागणी कित्येक वर्षांची आहे, त्यांच्या पोराला तू आदिवासी म्हणून स्टेजवर बोलावलंस की त्याच्या बापाची जुनी जखम निघते. आणि कर्नाटकातनं आलेल्यांचं आणखी वेगळं, त्यांच्याकडे तिकडचा जातीचा दाखला असला तरी इथल्या राज्याच्या आरक्षणाला तो चालत नाही. पत्रिकेवर फक्त "आमचे विद्यार्थी" लिही, झालं.

दाखल्यावरून आठवलं, हॉलच्या दाराशी एक टेबल मांड. तिथं फॉर्म भरता येणारी दोन कॉलेजची पोरं बसव, लॅपटॉप आणि झेरॉक्सची सोय कर. सत्कार झालेली मुलं अकरावीच्या आधी गळतात ती बऱ्याचदा कागदापायी गळतात, उत्पन्नाचा दाखला नाही, बँकेत खातं आधारला जोडलेलं नाही, स्कॉलरशिपची तारीख निघून गेली. आदिवासी कल्याण खात्याची गगन भरारी ही शिक्षणाला मदत करणारी योजना आहे, पण ती घरी चालत येत नाही. म्हणूनच म्हणतो की कार्यक्रम निकालानंतर लगेच घे, गणेश चवथीनंतर घेऊन काय उपयोग, तोपर्यंत जो गळायचा तो गळलेला असतो.

आणि वेळ. मंत्री आले की सुरू करू असं ठरवलंस तर मेलीस. लांबच्या गावडोंगरी-खोतीगावकडची माणसं असतील तर शेवटची कदंब बस कधी सुटते ते आधी विचार आणि त्यावरून उलटं मोज. पाहुणे उशिरा आले तर त्यांचा सत्कार शेवटी, मुलांचा वेळेवर. रोजंदारीवर जाणाऱ्या आईबापांचा दिवस बुडतो म्हणून रविवार दुपार बरी. पहिल्या रांगेत तेच बसायला हवेत, तिथं सोफे टाकून पंच आणि सरपंच बसवू नकोस, ते रागावतील, रागावू देत.

फोटोचं जरा नीट ऐक. बालगृहातली दोन मुलं यादीत आहेत असं तू लिहिलंयस. त्यांचं नाव, शाळा, फोटो काहीही पेपरात किंवा फेसबुकवर जाता कामा नये, बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यांचं कौतुक बालगृहातच जाऊन कर, अधीक्षकांना विचारून. बाकीच्यांच्या पालकांची सहीसुद्धा घे, आणि कशावर सही घेतेयस ते त्यांच्या भाषेत समजावून.

फक्त टक्के बघून यादी करू नकोस हं. घरात पहिल्यांदाच दहावी पास झालेल्याचे ५२ असतील तरी तो यादीत हवा, फुटबॉलमध्ये तालुक्याला खेळलेली मुलगी हवी, शिगम्यात (शिमग्यात) घुमट हे वाद्य वाजवणारा हवा.

आता शाली. त्या उकाड्यात कोणाला शाल पाहिजे गं? सायंटिफिक कॅल्क्युलेटर दे, बरा रेनकोट दे, पैसे उरले तर कदंबचा पास काढून दे. स्मृतिचिन्ह द्यायचंच असेल तर त्यावर नाव बरोबर घाल. गावकर, गांवकर, गावंकर असं तीन तऱ्हेनं लिहितात आणि ज्याचं त्याला आपलंच बरोबर वाटतं, त्यामुळे मुलालाच स्वतःच्या हातानं लिहून द्यायला सांग. ती चिठ्ठी तशीच छापखान्यात पाठव. प्रूफ आलं की मला व्हॉट्सअॅप कर, चष्मा लावून बघतो.

तुझा,
सर

ता.क. आभार प्रदर्शन दोन मिनिटांत आटप, लोकांना बस गाठायचीय.