शाल-श्रीफळ नको, मानधन दे

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

स्वमग्नतेवरच्या (ऑटिझमवरच्या) २ एप्रिलच्या चर्चासत्राची तुझी कार्यक्रमपत्रिका वाचली. डॉक्टर दोघे, स्पीच थेरपिस्ट एक, विशेष शिक्षिका एक, प्रत्येकाला पाऊण तास. आणि सगळ्यात शेवटी, आभारप्रदर्शनाच्या तोंडावर, 'एका स्वमग्न तरुणाचे मनोगत : १० मिनिटे'. खर्चाच्या कागदावर बाकीच्यांपुढे मानधनाचा आकडा आहे, त्याच्यापुढे 'शाल-श्रीफळ'. रागावू नकोस, पण मी तिथेच अडखळले.

माझंच आधी सांगते. स्वमग्न मुलांना शिकवायच्या नोकरीच्या सुरुवातीची कित्येक वर्षं माझ्या प्रत्येक तासाचं पहिलं वाक्य होतं, 'माझ्याकडे बघ.' मुलाची हनुवटी हलकेच वर करायची, नजर मिळाली की हातावर चार खारी बुंदी, आणि वहीत बरोबरची खूण. असंच शिकवलं होतं आम्हाला. त्यातला एक मुलगा मोठा झाला, छापखान्यात कामाला लागला, आणि एका दिवाळीत फराळाला घरी आला. खिडकीकडे बघत म्हणाला, "ताई, तुमच्या डोळ्यांत बघितलं की तुमचं बोलणं ऐकू यायचं नाही. दोन्हीतलं एकच जमायचं. तुम्हाला डोळे हवे होते, म्हणून मी डोळे दिले."

ती वही अजून माझ्या कपाटात आहे. सगळ्या खुणा 'प्रगती'च्या रकान्यात.

आपला शब्दच बघ ना. स्वमग्न म्हणजे स्वतःत बुडालेला. हे काठावर उभं राहून ठेवलेलं नाव. पंख्याची घरघर, शेजारच्या कुकरची शिट्टी, ट्यूबलाइटची गुणगुण, शर्टाचं टोचणारं लेबल, हे सगळं ज्याच्यावर एकदम चालून येतं, तो स्वतःत कुठला बुडतोय? आवाजाचा आणि स्पर्शाचा हा त्रास स्वतः ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न, असलेल्या अमेरिकन प्राध्यापिका टेंपल ग्रँडिन यांनी १९८६ साली आत्मचरित्रात लिहून ठेवला होता. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत तो ऑटिझमच्या निकषांत आला २०१३ साली. मधल्या काळात किती मुलांना आपण 'हट्टी' म्हटलं असेल!

आणखी एक. ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही, हे आम्ही पाठच केलं होतं. ब्रिटनमधले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की हे न कळणं दुहेरी आहे : त्यांना आपण कळत नाही, तसे आपल्याला ते कळत नाहीत. पुढे संशोधक कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी जवळजवळ कानगोष्टींचाच खेळ लावला. आठ-आठ जणांच्या साखळ्या, पहिल्याला सांगितलेली गोष्ट शेवटच्यापर्यंत किती पोचते ते मोजायचं. २०२० मध्ये निष्कर्ष छापून आला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट ऑटिस्टिक नसलेल्यांच्या साखळीइतकीच नीट पोचली. गळती जास्त झाली ती मिश्र साखळीत. प्रश्न आधी सुचला तो मात्र आत बसलेल्या माणसाला, मिल्टनना.

'पण त्या तरुणाकडे पदवी नाही,' असं तुझ्या समितीतलं कोणीतरी म्हणेलच. मॉन्ट्रियलच्या मिशेल डॉसन पूर्वी टपाल वाटायच्या. त्या ऑटिस्टिक आहेत. २००७ च्या ज्या शोधनिबंधाच्या त्या पहिल्या लेखिका आहेत, त्यात दिसलं की आकृत्यांच्या रेवन चाचणीत ऑटिस्टिक मुलांचे गुण नेहमीच्या वेक्सलर बुद्ध्यांक चाचणीपेक्षा सरासरी ३० पर्सेंटाइलने वर जातात. आपण मुलाच्या फाइलवर बुद्ध्यांक लिहून मोकळे होतो, म्हणून हे लक्षात ठेव.

आईवडील मात्र वेगळं बोलतील : 'हा बोलतो, माझा बोलत नाही.' त्यांना खोडून काढू नकोस. एका माणसाला सगळी मुलं कळत नाहीत. तशी ती एका डॉक्टरलाही कळत नाहीत. फिटच्या गोळीचं डॉक्टरांनाच विचारायचं. मूल कान का झाकतं, तोच जिना दहादा का चढतं, घरी आल्यावर का कोसळतं, हे विचारताना मात्र पहिला फोन त्या तरुणाला कर. ऑटिस्टिक कार्यकर्ते जिम सिंक्लेअर १९९३ मध्ये टोरंटोच्या परिषदेत पालकांसमोर उभे राहिले आणि आमच्यासाठी शोक करू नका म्हणाले. बाराव्या वर्षापर्यंत बोलत नसलेलं मूल होतं ते.

तर आता कामाचं. त्याला पहिल्या सत्रात घे, पाऊण तास दे, मानधन इतरांइतकंच. 'मनोगत' खोडून विषय लिही, आणि विषय त्यालाच ठरवू दे. लोकांचे प्रश्न पंधरा दिवस आधी लेखी पाठव. उत्तरं टाइप करून पडद्यावर दाखवायची असतील तर तशी सोय कर. टाळ्यांऐवजी हात हलवा, असं सुरुवातीलाच सांग. वेळ नक्की कळव. प्रमुख पाहुणे उशिरा येणार (ते येतातच), तर किती उशीर तेही त्याला लगेच कळव. फोटोसाठी खांद्यावर हात टाकू नकोस.

आणि शाल द्यायचीच असली तर आधी विचार, अंगावर चालते का. पत्रिका छापायला टाकण्याआधी त्यालाही एकदा दाखव.

तुझी,
ताई