दुखणं कमी झालं, मग एक्स-रे कशाला?

प्रश्न : सात महिन्यांपूर्वी मला आमवाताचं, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिसचं निदान झालं. दर भेटीत एक तक्ता भरून घेतात. आता दुखणं बरंच कमी आहे, मी दहापैकी दोन लिहिते. तरी हातापायांचे एक्स-रे काढायला सांगितलेत. मग माझ्या आकड्यांना अर्थ काय?

उत्तर : अर्थ नक्कीच आहे. बहुधा तुमचा तक्ता ‘रॅपिड-३’ असावा. रोजची कामं, वेदना आणि एकूण तब्येत यांना प्रत्येकी १० गुण, एकूण ३०. बेरीज १२ च्या वर गेली तर आजार जोरात, ३ किंवा कमी म्हणजे जवळपास शांत. औषध लागू पडतंय का, हे त्यातून चांगलं कळतं.

पण हाड पोखरतं ते सांध्याच्या सुजलेल्या अस्तरामुळे, आणि वेदनाशामक गोळी दुखणं दाबते, ते पोखरणं थांबवत नाही. शिवाय कमी दुखणाऱ्या सांध्यातही सूज टिकून राहू शकते. रक्तात अँटी-सीसीपी (आमवातात आढळणारी प्रतिपिंडं) असेल किंवा सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारा रक्तातला घटक) चढा राहत असेल तर धोका अधिक. हाडाला पडलेला खड्डा सहसा भरून येत नाही, म्हणून तो लहान असतानाच दिसायला हवा. पायांचा एक्स-रे मुद्दाम काढतात, कारण पहिला खड्डा पुष्कळदा पायाच्या करंगळीच्या बुडाशी सापडतो आणि नेहमीच्या २८ सांध्यांच्या तपासणीत पाऊल धरलेलंच नसतं.

तक्ता भरताना मागचा आठवडा डोळ्यांसमोर आणा, आजचा दिवस नव्हे. वेदनाशामक घेतली असेल तर तसं लिहा. नळ डाव्या हाताने किंवा फडक्याने उघडत असाल तर ‘सहज जमतं’ वर खूण करू नका; अशाने गुण खोटे कमी येतात.

सूजही स्वतः बघा. मूठ वळली की बोटांच्या बुडाशी उंचवटे आणि मधल्या खाचा दिसतात. खाच भरून आलेली, दाबल्यावर स्पंजासारखी लागली, तर ती सूज समजा. पाऊल बोटांच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी हलकेच आवळा; कळ आली तर डॉक्टरांना सांगा. मात्र बारीक सूज स्वतःला ओळखणं अवघड असतं, ते काम डॉक्टरांच्या बोटांचं.

मेथोट्रेक्सेट (आमवात आटोक्यात ठेवणारी गोळी) चालू असेल तर आकडा उतरला म्हणून ती मनाने बंद करू नका. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही. आणि एखादा सांधा सुजून राहिला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवून या.