जुनी पिकअप मागून खाली बसवली, आता एक्सल चेसिसला आपटते. मागची फ्रेम नवीन बनवावी का?

हो भाऊ, बनवाच, पण आख्खी नाही, एक्सलच्या वरचा तेवढाच भाग कापून तिथं कमान उचला, कारण गाडी खाली बसली की एक्सलला वर उठायला जागाच राहत नाही. मी दर्यापूरकडे ट्रॉल्यांच्या चेसिसचं काम करतो, बिघडते ते कापतानाच: आधी चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्यांमध्ये आडवे अँगल टॅक करा (म्हणजे वेल्डिंगचे छोटे टाके मारून तात्पुरते पकडा), कोपरा ते कोपरा मोजायचा टेप लावा, दोन्ही कर्ण सारखे आले तरच कटर चालवा, नाही तं गाडी जन्मभर तिरपी पळते. कमानीला १०० बाय ५० मिमीचा बॉक्स पाइप चालते, जाडी मूळ चेसिसपेक्षा कमी नको. फक्त रोडवर काढायची असेल तर आधी आरटीओत विचारा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे मूळ रचनेत मनानं बदल करता येत नाही.