साडेतेवीस लाखांची स्कॉर्पिओ एन घ्यावी का? सिन्नरच्या वाचकाला उत्तर

सिन्नरच्या एका वाचकाचा मोठा मेल आलाय, आधी त्यांची परिस्थिती थोडक्यात सांगतो. दादा स्वतः एमआयडीसीत नोकरीला, वहिनी झेडपीच्या शाळेत, दोघांचे मिळून हातात १,१८,००० येतात. घराचा हप्ता २८,४००, घरखर्च ४४,००० च्या आसपास, पोरांच्या फिया आणि आईबाबांची औषधं धरून १४,०००, एसआयपी १२,०००, म्हणजे महिन्याला १९,६०० उरतात. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ चा. मुलीच्या बारावीनंतरच्या शिक्षणासाठी ८ लाखांची एफडी आहे, साडेतीन लाख अडीअडचणीला बाजूला ठेवलेत आणि ऑक्टोबरमध्ये ३ लाख ४० हजारांची आरडी सुटतेय. घरात बाबांनी नोव्हेंबर २०११ ला घेतलेली एमहॉक इंजिनची स्कॉर्पिओ आहे, १ लाख ९० हजार किलोमीटर झालेत, या नोव्हेंबरला तिची १५ वर्षं भरतात. शोरूमवाले एक्स्चेंजमध्ये २ लाख ६० हजार द्यायला तयार आहेत. नवीन स्कॉर्पिओ एन झेड ८ एल डिझेल मॅन्युअल, ऑन-रोड २३ लाख ६० हजार. प्लॅन असा की एक्स्चेंजचे पैसे, एफडीतले ६ लाख आणि वर १५ लाखांचं कर्ज ७ वर्षांसाठी ९ टक्क्यांनी. "एसआयपी तात्पुरती थांबवू" असंही एका ओळीत लिहिलंय. बाबांचं म्हणणं वेगळं, त्यांना स्कॉर्पिओ क्लासिक (जुन्या मांडणीचंच मॉडेल) हवीये कारण ती आपल्या जुन्या गाडीसारखी आहे. आणि सासऱ्यांच्या ओळखीत एकांची २०२३ ची झेड ८ डिझेल आहे, ३८,००० किलोमीटर चाललेली, १४ लाख ७५ हजार मागतात, पण "सेकंडहँड नको" असं घरात ठरल्यासारखं आहे.

दादा, गाडी बदलाच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण हे २३ लाख ६० हजारांचं गणित मला अजिबात पटलेलं नाही, आणि का ते सांगायचं तर आधी या गाडीत इतक्या वर्षांत नेमकं बदललं काय ते बघावं लागेल, कारण तुम्ही पैसे त्या बदलाचे मोजताय.

पहिली स्कॉर्पिओ जून २००२ मध्ये आली, आपल्या नाशिकच्या प्लांटमधून. तोवर महिंद्रा म्हणजे जीप आणि बोलेरो, आणि ही गाडी पवन गोएंका यांच्या टीमने इथेच बसून डेव्हलप केली. २.६ लिटरचं टर्बो डिझेल, ताकद १०९ पीएस. आमच्याकडे सातपूर-अंबडमध्ये तेव्हा ज्यांच्या दारात ती उभी राहिली त्यांना अजून तो दिवस आठवतो, आणि तुमच्या बाबांचा तिच्यावर इतका जीव का आहे ते मला नीट समजतं. मग त्यात कॉमन रेल आलं, पुढे २.२ लिटरचं १२० पीएसचं एमहॉक आलं, तेच तुमच्या गाडीत आहे, आणि खरं सांगायचं तर ते इंजिन इतकं चांगलं होतं की लोकांनी बाकीच्या सगळ्या उणिवा पोटात घातल्या. २०१४ ला चेहरा बदलला आणि खाली नवीन चेसिस आलं, २०१७ ला वरच्या मॉडेलमध्ये पॉवर १४० पीएसवर गेली. पण बाहेरून कितीही बदलली तरी आतली मांडणी बरीचशी तीच राहिली, मागे दोन बाजूंना समोरासमोर आडव्या सीट, आणि वळणावर गाडी झुलायची ती झुलायचीच. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपने (गाड्या आदळवून सुरक्षितता तपासणारी संस्था) एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ टेस्ट केली तेव्हा तिला शून्य स्टार मिळाले होते.

जून २०२२ ला एन आली, ती चाकणमध्ये बनते, आणि ही खरोखर दुसरी गाडी आहे. लांबी ४,६६२ मिलिमीटर, चेसिस वेगळं, मागच्या ॲक्सलला वॉट्स लिंकेज, त्यामुळे घाटात ती जुनीसारखी डावीउजवीकडे ओढत नाही. डिझेल १३२ आणि १७५ पीएस अशा दोन ट्यूनिंगमध्ये, तुम्ही बघताय ती १७५ ची. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ग्लोबल एनकॅपमध्ये मोठ्यांसाठी ५ स्टार, लहान मुलांसाठी ३ स्टार. आणि तिसरी रांग समोर तोंड करून, बेल्टसकट.

माझ्या दृष्टीने तुमच्या घरासाठी सगळ्यात मोठा बदल हाच शेवटचा. तुम्ही मेलमध्ये सहज लिहून गेलात की "गावी अकोल्याकडे जाताना पोरं मागे खेळत जातात". मी ते वाक्य दोनदा वाचलं. आमच्या घरातही फार वर्षांपूर्वी आडव्या सीटची एक गाडी होती, कसारा घाटात पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला म्हणून आम्हीही मारला, काही धडकलं नाही, कुणाला लागलं नाही, पण माझा पुतण्या त्या सीटवरून सरकत थेट मधल्या सीटच्या पाठीवर जाऊन आदळला आणि त्याच्या हातातला स्टीलचा डबा पुढे डॅशबोर्डपर्यंत आला. तो डबा गिअरपाशी पडलेला मला अजून डोळ्यासमोर दिसतो. वेग फार तर चाळीसचा असेल. तुमच्या गाडीत त्या सीटला बेल्टच नाहीत हे तुम्हीच लिहिलंय. त्यामुळे गाडी कधी घ्यायची ते नंतर ठरवू, पण पोरांना मागे बसवणं आजपासून बंद करा. सहा जण एकदम जायचे असतील तर दोघांनी एसटीने जा, थोडी गैरसोय होईल, चालेल.

याच कारणासाठी बाबांची क्लासिक मी बाजूला ठेवतो. इंजिन सुधारलंय, आता १३२ पीएसचं हलकं ॲल्युमिनियमचं आहे, किंमतही एनपेक्षा कमी, पण मांडणी जुनीच आहे आणि काही व्हेरियंटमध्ये मागे अजूनही त्या आडव्या सीट येतात. पैसे खर्च करून परत तिथेच यायचं असेल तर मग जुनीच चालवा ना. बाबांना एकदा एनच्या मधल्या रांगेत बसवून समृद्धीवर फिरवून आणा, वाद तिथेच मिटेल असं मला वाटतं. एक मात्र आधीच सांगतो, एनमध्ये तिसरी रांग उभी केली की मागे बॅगा ठेवायला जागा राहत नाही, सहा जण आणि गावाहून तांदळाचं पोतं असं जमणार नाही, वर कॅरिअर लागेल.

आता पैशांकडे येऊ. १५ लाख, ७ वर्षं, ९ टक्के, हप्ता बसतो २४,१३४. एकूण भराल २० लाख २७ हजार, म्हणजे सव्वापाच लाखांच्या वर नुसतं व्याज. तुमच्याकडे उरतात १९,६००, म्हणजे पहिल्याच महिन्यात साडेचार हजार कमी पडतात, म्हणून एसआयपी थांबवायची कल्पना आलीये. घराचा आणि गाडीचा हप्ता मिळून ५२,५३४ होतात, पगाराच्या साडेचव्वेचाळीस टक्के. बँक देईल हो, बँकेला काही अडचण नाही, पण एखाद्याची नोकरी दोन महिने गेली किंवा वहिनींची बदली लांब झाली आणि दोन ठिकाणी घर चालवायची वेळ आली तर हे गणित लगेच मोडतं. मी घरातले सगळे हप्ते मिळून ४० टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही, आणि आईबाबा साठीच्या पुढचे असतील तर अजिबातच नाही.

आणि ती "तात्पुरती" थांबवलेली एसआयपी. १२,००० महिना सात वर्षं, सरासरी १० टक्के मिळाले असं धरलं (मिळतीलच याची हमी कुणी देऊ शकत नाही) तर साडेचौदा लाख होतात. सातव्या वर्षी मुलगी अठराची असेल. एफडीतले ६ लाखही गेलेले, तिकडे हे साडेचौदा नाहीत, दारात सात वर्षांची गाडी उभी. त्या वेळी कॉलेजच्या ॲडमिशनसाठी पुन्हा शिक्षणकर्ज काढणार का? मला हे चित्र बघवत नाही दादा, म्हणून इतकं स्पष्ट लिहितोय.

नव्या गाडीच्या कोटेशनमध्ये अजून एक गोष्ट बघा. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या डिझेल गाडीला १४ टक्के रोड टॅक्स आहे, तुमच्या कोटेशनमध्ये तो एकटाच पावणेतीन लाखांच्या पुढे जातो. गाडी शोरूमच्या बाहेर पडली की ते पैसे गेले. इन्शुरन्सची आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) सहा महिने उलटले की १५ टक्के खाली येते, पाचव्या वर्षापर्यंत निम्म्यावर. बाजारात स्कॉर्पिओला यापेक्षा बरा भाव मिळतो हे खरंय, आपल्या भागात तर मिळतोच, पण पहिल्या तीन वर्षांची सगळ्यात मोठी घसरण ती सासऱ्यांच्या ओळखीचे गृहस्थ आधीच सोसून बसलेत. त्या गाडीचा रोड टॅक्स त्यांनी भरलाय. तुम्हाला फक्त नाव ट्रान्सफरचा खर्च.

म्हणून माझं मत त्या २०२३ च्या झेड ८ कडे झुकतं. गाडी तीच, चेसिस तेच, इंजिन तेच १७५ पीएस, सहा एअरबॅग आहेत. झेड ८ एलमध्ये जास्तीचं मिळतं ते चांगली साउंड सिस्टीम, इलेक्ट्रिक ड्रायव्हर सीट, कॅमेरे वगैरे. छान आहे, पण त्यासाठी मुलीची एफडी मोडायची नाही.

भाव मात्र १४ लाख ७५ हजार देऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्कॉर्पिओ एनवरचा कर ४८ टक्क्यांवरून ४० वर आला, म्हणजे कारखान्यातून शंभर रुपयांना निघणारी गाडी पूर्वी एकशे अठ्ठेचाळीसला पडायची ती आता एकशे चाळीसला, नवीनच साडेपाच टक्क्यांच्या आसपास स्वस्त झाली. विकणाऱ्याच्या डोक्यात त्यांनी २०२३ ला मोजलेली रक्कम असते, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, पण आजची जुनी गाडी आजच्या नव्या गाडीच्या भावाशी तोलायची. १४ लाखांवर या. ओळखीतला व्यवहार आहे म्हणून सासऱ्यांना मधे घालून संकोच होत असेल तर हे गणित त्यांनाच दाखवा, तेच बोलतील.

१४ लाखांची जुळवाजुळव अशी बसते, जुन्या गाडीचे २ लाख ६० हजार, आरडीचे ३ लाख ४० हजार आणि ८ लाख कर्ज. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज जास्त लागतं, ११ टक्के धरा, ५ वर्षांसाठी हप्ता १७,३९४. दोन्ही हप्ते मिळून पगाराच्या ३९ टक्क्यांत बसतात. एसआयपी चालू, एफडीला हात नाही, अडीअडचणीचे साडेतीन लाख जागेवर. महिन्याला हातात फक्त दोन-सव्वादोन हजार राहतात हे मला माहितीये, तंगच आहे, पण तुम्ही गेल्या वर्षी बोनसमधले ६२,००० टर्बो, क्लच आणि सस्पेन्शनवर घातलेत, तो बोनस आता इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंगला येईल. एक्स्चेंजचे २ लाख ६० हजार नवी घेतली तरच मिळतात हे लक्षात असू द्या, त्यामुळे जुनी गाडी बाहेर विकावी लागेल, आणि ती नोव्हेंबरच्या आत विका. १५ वर्षं उलटली की फिटनेस, रिन्यूअलची फी, ग्रीन टॅक्स, हे सगळं मागे लागतं आणि घेणारा तेवढं कापूनच भाव करतो. नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली नसेल तर आधी ती बसवून घ्या, त्याशिवाय ट्रान्सफर अडकेल.

मायलेजमधून पैसे वाचतील असं तुम्ही लिहिलंय ते डोक्यातून काढून टाका. वर्षाला १२,००० किलोमीटर, जुनी ११-१२ देते, एनही १२-१३ च्या आसपासच देईल, वर्षाला सात-आठ हजारांचा फरक पडला तर पडला. आणि कंपनीला तुम्ही बसने जाता तर गाडी नुसती दूध-भाजीला काढू नका, बीएस ६ डिझेलला फिल्टर असतो, तो साफ व्हायला अधूनमधून हायवेवर मोकळी धाव लागते, दर पंधरा दिवसांनी गावी जाता ते पुरेसं आहे.

घेण्याआधी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन पूर्ण तपासा, चेसिस नंबर सांगून सर्व्हिस हिस्टरी काढा, वॉरंटी किती उरलीये आणि तुमच्या नावावर होते का तेही तिथेच विचारा. त्यांच्यावर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढण्याचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी, इन्शुरन्स चौदा दिवसांत नावावर. आणि तुमचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सवलत) सोडू नका, तो गाडीचा नसून तुमचा असतो. आरसी बाबांच्या नावावर असेल तर तो बाबांचा, मग नवी गाडीही त्यांच्याच नावावर घेतलीत तर सवलत मिळेल, आणि बाबांना त्याचा आनंद होईल तो वेगळाच.

आता त्या गाडीत तपासणीत काही खोट निघाली किंवा ते भाव सोडायला तयार नाहीत असं झालं तर लगेच शोरूमकडे पळू नका. दुसरी २०२३ ची बघा, नाशिकमध्ये भरपूर आहेत. नवीनच हवी असा घरात हट्ट असेल तर झेड ८ सिलेक्टचं कोटेशन मागवा, सहा एअरबॅग त्यात आहेत आणि झेड ८ एलपेक्षा बरीच स्वस्त पडते, पण त्यासाठी अजून दीड वर्ष महिन्याला १७,००० बाजूला टाका, म्हणजे हप्ता झेपतो की नाही ते आधीच कळेल आणि तीन लाख हातातही येतील. तोवर आत्ताची गाडी चार-पाच जणांतच वापरा, रिन्यूअलचा खर्च सोसावा लागला तरी.

आरडी ऑक्टोबरमध्ये कोणत्या तारखेला सुटते ते कळवा, त्या गृहस्थांना तोपर्यंत थांबा म्हणून किती टोकन द्यायचं ते आपण फोनवर बोलू. आणि गाडी बघायला जाल तेव्हा मुलीला बरोबर न्या, तिसऱ्या रांगेत बसवा, बेल्ट तिच्या खांद्यावरून जातो की मानेला घासतो ते बघा. मानेला येत असेल तर उंची पुरेशी होईपर्यंत ती मधल्या रांगेत आणि मागे तुमच्यापैकी कुणीतरी मोठं.